युरोपीय सुरक्षा-संशोधन निधी : भागीदार शोधण्याच्या मेळाव्यासाठी चिपळूणहून ब्रुसेल्सला जावे का?

वाशिष्ठीकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी चिपळूणचा. आमचा सहा जणांचा लहानसा व्यवसाय आहे. नदीची पाणीपातळी मोजून ती मोबाइलच्या जाळ्यावरून दर काही मिनिटांनी कळवणारी यंत्रे आम्ही बनवतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात आमच्या घराचा तळमजला आणि बाजारपेठेतले दुकान, दोन्ही पाण्याखाली गेले. त्या रात्री पाणी किती वेगाने चढते आहे हे आम्हांला कोणीही सांगू शकले नाही, आणि तेव्हापासून हेच काम आम्ही मनापासून करत आलो आहोत. सध्या वाशिष्ठी आणि शिवनदी मिळून आमची सात यंत्रे बसवलेली असून तीन पावसाळ्यांच्या सलग नोंदी हाती आहेत.

जर्मनीत स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाने असे कळवले की युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ या संशोधन कार्यक्रमात नागरी सुरक्षेचा एक स्वतंत्र विभाग आहे, त्यात पूर आणि अन्य आपत्तींचाही समावेश होतो, आणि प्रस्ताव सादर करण्यापूर्वी भागीदार मिळावेत म्हणून ब्रुसेल्समध्ये दरवर्षी मेळावे भरतात. तिथे जाऊन यावे असा त्याचा आग्रह आहे. प्रवास, मुक्काम आणि व्हिसा धरून आमचा दोन लाखांच्या आसपास खर्च होईल, आणि आमच्यासारख्यांना ही रक्कम लहान नाही.

भारतातील लहान कंपनीला या निधीतून काही मिळू शकते का, अशा मेळाव्यात नेमके काय घडते, आणि जायचेच झाले तर जाण्यापूर्वी काय तयारी करावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे. किनाऱ्यावर मासेमारी नौकांची नोंद ठेवणारी यंत्रणाही आमच्या डोक्यात आहे. ती या विभागात बसते का, हेही जाणून घ्यायचे आहे.

दापोलीची माहेरवाशीण

मी मूळची दापोलीची असून गेली नऊ वर्षे बेल्जियममधील एका विद्यापीठाच्या प्रकल्प कार्यालयात काम करते. युरोपीय निधीचे प्रस्ताव लिहिणे आणि भागीदार जमवणे हेच माझे रोजचे काम आहे, त्यामुळे या मेळाव्यांना मी अनेकदा गेले आहे.

आधी पैशाचे सांगते, कारण त्याबाबत गैरसमज राहिला तर पुढचे सगळेच चुकते. ज्या देशांतील संस्थांना होरायझन युरोपमधून आपोआप निधी मिळतो, त्या यादीत भारत नाही. भारतीय संस्थेला प्रकल्पात भाग घेता येतो, परंतु बहुधा ‘संलग्न भागीदार’ म्हणून, म्हणजे स्वतःचा खर्च स्वतः सोसून. असा भागीदार अनुदान-करारावर सही करत नाही आणि खर्चाचा परतावाही मागू शकत नाही. नॉर्वे, ब्रिटन किंवा तुर्की यांना ‘सहयोगी देश’ म्हणतात, ते निराळे. त्यांच्या संस्थांना निधी मिळतो. मराठीत हे दोन्ही शब्द सारखे वाटतात, म्हणून मुद्दाम फोड करून सांगितले. भारतीय बाजूला पैसे मिळतात ते प्रामुख्याने भारत आणि युरोपीय संघ यांनी मिळून काढलेल्या आवाहनांत, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातींत. पाण्याच्या विषयावरील ‘लोटस’, ‘पवित्र गंगा’, ‘सरस्वती २.०’ हे प्रकल्प तसे होते आणि त्यांतील भारतीय संस्थांना आपल्याच केंद्र सरकारच्या विभागांनी निधी दिला होता. सुरक्षा विभागाच्या नेहमीच्या आवाहनांत तशी सोय गृहीत धरू नये.

आता विभागाविषयी. होरायझन युरोप २०२१ ते २०२७ असा सात वर्षांचा असून त्याचा आरंभी ठरलेला आकार सुमारे ९,५५० कोटी युरो होता. त्यातील तिसरा गट, ‘समाजासाठी नागरी सुरक्षा’, सुमारे १६० कोटी युरोंचा आहे. गुन्हेगारी आणि दहशतवाद, सीमा व्यवस्थापन, पायाभूत सुविधांची सक्षमता, सायबर सुरक्षा, आपत्तींना तोंड देणारा समाज आणि या साऱ्या संशोधनाला बळकटी देणारे उपक्रम, असे त्याचे सहा भाग आहेत. आपले काम पाचव्या भागात चपखल बसते. नौकांची नोंद सीमा व्यवस्थापनाकडे झुकते आणि तिथे गोपनीयतेच्या अटी कडक असतात. काही विषयांत तर युरोपबाहेरच्या संस्थांना सहभागीच होता येत नाही. तो विचार सध्या बाजूला ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन.

मेळावे एका प्रकारचे नसतात. सर्वांत परिचित आहे तो ‘एसएमआयटूजी’ या नावाचा दोन दिवसांचा मेळावा, जो गेली काही वर्षे साधारण मे महिन्यात ब्रुसेल्समध्ये भरतो. तिथे व्यासपीठावरून एकामागून एक जण चार-पाच मिनिटांत आपली कल्पना मांडतात, मात्र त्यासाठी आधी अर्ज करून निवड व्हावी लागते. दुसरा प्रकार म्हणजे युरोपीय आयोगाच्या माहिती-दिवसाला जोडून, देशोदेशीच्या राष्ट्रीय संपर्क-अधिकाऱ्यांच्या ‘सेरेन’ या जाळ्याने भरवलेल्या ठरावीक वेळेच्या भेटी. त्यांची नोंदणी संकेतस्थळावर होते आणि पंधरा-वीस मिनिटांच्या भेटींचे वेळापत्रक हाती येते. तिसरा प्रकार आयोगानेच चालवलेल्या ‘सेरिस’ या समुदायाच्या विषयवार कार्यशाळांचा. त्या प्रत्यक्ष भागीदार जुळवण्यासाठी नसल्या, तरी अग्निशमन दल, नागरी संरक्षण यंत्रणा, हवामान संस्था इथली माणसे खऱ्या अडचणी बोलून दाखवतात ती तिथेच. यांतील बऱ्याच कार्यशाळा घरबसल्या ऐकता येतात. माझ्या मते आपण सुरुवात तिथून करावी.

सभागृहात काय घडते ते सांगते. या गटातील बहुतेक विषयांत अशी अट असते की प्रत्यक्ष काम करणाऱ्या दोन किंवा तीन यंत्रणा, म्हणजे पोलीस, अग्निशमन, आपत्ती व्यवस्थापन यांसारख्या संस्था, वेगवेगळ्या सदस्य किंवा सहयोगी देशांतून पूर्ण भागीदार म्हणून असल्याच पाहिजेत. एकंदर प्रस्तावालाही अशा किमान तीन देशांतील तीन स्वतंत्र संस्था लागतात आणि त्यांतील एक तरी सदस्य देशातील असावी लागते. याचा परिणाम असा होतो की यंत्र बनवणारे, संगणक-प्रणाली लिहिणारे, संशोधन संस्थांचे लोक भरपूर असतात, आणि एखाद्या लहान शहराच्या अग्निशमन दलातून आलेल्या अधिकाऱ्याभोवती मात्र सगळे गोळा होतात. ‘आमची पातळीमापक यंत्रे स्वस्त आणि उत्तम आहेत’ एवढेच सांगत आपण गेलात, तर त्या गर्दीत आपली दखल घेतली जाणार नाही. यंत्रे त्यांच्याकडेही आहेत.

त्यांच्याकडे नाही ते आपल्याकडे आहे, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. १४ आणि १५ जुलै २०२१ रोजी जर्मनीतील आर नदीच्या खोऱ्यात आणि बेल्जियममधील वेद्र नदीच्या काठी जो पूर आला, त्यात एकट्या जर्मनीत १८० हून अधिक माणसे गेली. आल्टेनआर येथील पातळीमापक यंत्र पुरानेच निकामी केले आणि नेमक्या गरजेच्या तासांत नोंद थांबली. त्यानंतर आठच दिवसांत वाशिष्ठी चिपळुणात शिरली. वेद्रच्या काठचे पेपिन्स्टर हे गाव मी त्यानंतर पाहिले आहे. भिंतींवरच्या चिखलाच्या रेघा पाहताना मला चिपळूणच्या बाजारपेठेची छायाचित्रे आठवली. डोंगरातून उतरणारी आखूड नदी, काठाला चिकटलेली वस्ती आणि इशाऱ्याला मिळणारे मोजके तास, हे दोन्हीकडे सारखे आहे. चिपळुणात त्यावर कोळकेवाडी धरणाच्या बाजूने येणारे पाणी आणि खाडीतली भरती यांची भर पडते. अशा ठिकाणच्या तीन पावसाळ्यांच्या सलग नोंदी युरोपातील एखाद्या गटाला स्वतःची इशारा-प्रणाली वेगळ्या परिस्थितीत तपासण्यासाठी उपयोगी पडतील. आपण यंत्राचे विक्रेते म्हणून न जाता चाचणीचे ठिकाण आणि नोंदी घेऊन जाणारे भागीदार म्हणून जावे.

तयारीचे म्हणाल तर ‘कॉर्डिस’ या युरोपीय संघाच्या सार्वजनिक संचात यापूर्वीच्या प्रकल्पांची माहिती मिळते. पुरावर कोणी काय केले, समन्वयक कोण होते, हे तिथे पाहावे. उदाहरणार्थ, तीव्र हवामानाच्या इशाऱ्यांवरील ‘एनीव्हेअर’ या प्रकल्पाचे समन्वयन बार्सिलोनातील कातालोनियाच्या तांत्रिक विद्यापीठाने केले होते. अशा सात-आठ गटांना मेळाव्याच्या दोन महिने आधी पत्र लिहावे. माझा अनुभव असा आहे की मेळाव्यात जुळते ते बहुधा दुसऱ्या भेटीत. पहिली भेट पत्रातून किंवा पडद्यावर आधीच झालेली असावी लागते. पत्राला कोणाचेच उत्तर आले नाही, तर त्या वर्षी तिकीट काढू नये.

या गटाच्या प्रस्तावांची अंतिम मुदत गेली काही वर्षे नोव्हेंबरात येत आली आहे. मे महिन्यातला मेळावा यासाठीच मोलाचा असतो, कारण हाती सहा महिने राहतात. सप्टेंबरात भेटलेल्या समन्वयकाची मोट बहुधा बांधून झालेली असते.

सावित्रीचे पाणी

मी महाडचा. पाण्याशी संबंधित शासकीय खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालो. वरील ताईंनी लिहिलेले सर्व मी लक्षपूर्वक वाचले. तिकडची मला माहिती नाही, परंतु इकडची आहे, आणि त्या आधारावर माझे मत थोडे वेगळे आहे.

ब्रुसेल्सच्या आधी रत्नागिरीला जावे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. प्रत्यक्ष काम करणाऱ्या यंत्रणांची अट तिकडे इतकी महत्त्वाची आहे, तर आपल्या नोंदी आपल्याच जिल्ह्याची यंत्रणा वापरते की नाही, हा प्रश्न कोणीही जाणता माणूस पहिला विचारेल. आपली सात यंत्रे पावसाळ्यात नियंत्रण कक्षाला दिसतात का? नगरपरिषदेच्या माणसाला रात्री दोन वाजता त्यांचा इशारा पोहोचतो का? तो पोहोचल्यावर भोंगा कोण वाजवतो? याची उत्तरे लेखी आणि सहीशिक्क्यानिशी आपल्या हाती असतील, तर ते पत्र परदेशातही बोलेल. नसतील, तर ते दोन लाख याच कामाला लावावेत.

हे मी कठोरपणे लिहितो आहे असे वाटेल, पण त्याला कारण आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पाणी चढत होते त्याच दिवशी आमच्या तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा पुलाखालच्या पाण्याची पातळी सांगणारे यंत्र तिथे असते आणि ते पाहून वाहतूक थांबवणारा माणूस जागेवर असता, तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही. यंत्र आणि माणूस यांच्यामधली ती शेवटची दहा पावले आपल्याकडे नेहमी रिकामी राहतात. ती भरण्याचा प्रयोग आपण चिपळुणात केलात, तर दाखवायला जगात कुठेही जावे.

पूररेषेच्या वादामुळे चिपळुणातले लोक पाण्याच्या नोंदींकडे संशयाने पाहतात, हेही ध्यानात असू द्यावे. आपल्या नोंदी उद्या निळ्या किंवा लाल रेषेसाठी, म्हणजे बांधकामावर बंदी किंवा निर्बंध आणणाऱ्या पूररेषांसाठी, वापरल्या जातील की काय, अशी भीती व्यापाऱ्यांना वाटू शकते. त्या कोणाला द्यायच्या आणि कशासाठी, हे गावात बसून उघडपणे ठरवून घ्यावे.

किनारपट्टीचा मास्तर

रायगड जिल्ह्यात अभियांत्रिकी शिकवतो. वरील दोन्ही उत्तरे मला पटली. मी केवळ कायदा आणि करार यांविषयी लिहितो, कारण त्याकडे उत्साहाच्या भरात दुर्लक्ष होते.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक सूचनांनुसार आडव्या दिशेने एक मीटर आणि उभ्या दिशेने तीन मीटर यांपेक्षा अधिक अचूक असलेली नकाशा-माहिती केवळ भारतीय संस्थांच्या मालकीची असू शकते आणि ती भारतातच साठवून तिच्यावर भारतातच प्रक्रिया करावी लागते. पुराच्या पाण्याचा फैलाव काढायचा म्हणजे बारीक उंची-नकाशे आलेच. तेव्हा युरोपीय भागीदाराने ‘सगळी माहिती आमच्या सर्व्हरवर टाका’ म्हटले, तर मान डोलावू नये. नुसती पाणीपातळीची आकडेवारी आणि बारीक उंची-नकाशा या दोन गोष्टी पहिल्याच बैठकीत वेगळ्या कराव्यात.

दुसरे असे की दुहेरी, म्हणजे नागरी आणि लष्करी अशा दोन्ही, उपयोगाच्या तंत्रज्ञानावर भारताचे निर्यात-नियंत्रण आहे. अशा वस्तूंची ‘स्कोमेट’ ही यादी विदेश व्यापार महासंचालनालयाकडे मिळते. पातळीमापक यंत्र त्यात येईल असे मला वाटत नाही, परंतु नौकांवर नजर ठेवणाऱ्या साधनाबाबत ती यादी ओळ-ओळ वाचावी लागेल. १९९३ साली शेखाडीच्या किनाऱ्यावर मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके उतरली, तेव्हापासून आपल्या किनाऱ्यावर हा विषय हळवा आहे. नौकांची माहिती सीमापार नेण्याचा विचार परवानगीशिवाय मनातही आणू नये.

तिसरे अनुभवाचे. काही वर्षांपूर्वी अशाच एका मेळाव्यात भेटलेल्या युरोपीय गटासाठी आम्ही चार महिने राबलो. किनाऱ्यावरील धूप आणि वादळाची लाट यांविषयीचा संपूर्ण मजकूर आम्ही लिहून दिला, नकाशे दिले, मच्छीमार सोसायट्यांशी बोलून संमती मिळवली. प्रस्ताव सादर झाल्यावर पाहिले, तर आमचा मजकूर होता, आमचे नाव मात्र सल्लागार मंडळाच्या एका ओळीत आले होते. तक्रार करायला काही आधारच नव्हता, कारण आम्ही काहीही लेखी घेतले नव्हते. ज्या मच्छीमारांनी आमच्यावर विश्वास ठेवला, त्यांच्यासमोर जाताना मला फार जड गेले. म्हणून सांगतो : मजकूर पाठवण्यापूर्वी गोपनीयतेचा साधा करार आणि आपली भूमिका, कामाचे तास व नोंदींची मालकी सांगणारे एक पानी पत्र समन्वयकाकडून घ्यावेच. सज्जन समन्वयकाला त्यात काहीही वावगे वाटत नाही.

वाशिष्ठीकाठ (प्रश्नकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. सावित्रीकाठच्या काकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे द्यायची तर, आमच्या नोंदी नियंत्रण कक्षाला दिसतात, पण रात्रीच्या इशाऱ्यावर कोणी काय करायचे हे कुठेही लिहिलेले नाही. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी नगरपरिषद आणि जिल्हा कार्यालय यांच्याशी बसून ते ठरवून घेण्याचे आम्ही काल रात्रीच नक्की केले. नौकांचा विषय बंद केला.

ब्रुसेल्सचा बेत या वर्षापुरता रद्द करून ‘सेरिस’च्या कार्यशाळा इथूनच ऐकाव्यात आणि पुढच्या मे महिन्यासाठी पत्रे लिहावीत, असे ठरते आहे. ताई, एक शंका राहिली. चार-पाच मिनिटांच्या मांडणीसाठी आम्ही असे पहिले वाक्य लिहिले आहे : ‘आम्ही भारतातील एक नवोद्योग असून पूर-इशाऱ्यासाठी किफायतशीर आणि अत्याधुनिक यंत्रे बनवतो.’ हे योग्य आहे का?

दापोलीची माहेरवाशीण

बेत योग्य आहे. मे २०२७ चा मेळावा भरेल तेव्हा या कार्यक्रमाचे शेवटचे वर्ष चालू असेल आणि २०२८ पासूनच्या पुढच्या कार्यक्रमाची बोलणी सभागृहात सुरू असतील, त्यामुळे ओळखी करून ठेवण्यास तो काळ वाईट नाही. युरोपीय संघाच्या निधी-संकेतस्थळावर संस्थेची ओळख ठरणारा नऊ अंकी सहभाग-क्रमांक आत्ताच काढून ठेवावा. तो भारतीय संस्थेलाही मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मुंबईतील भेटीची वेळ मात्र लवकर धरावी.

ते वाक्य बदलावे. ‘किफायतशीर’ आणि ‘अत्याधुनिक’ हे दोन शब्द त्या दिवशी प्रत्येक जण उच्चारत असेल. मी असे सुचवेन : ‘जुलै २०२१ मध्ये आरच्या खोऱ्यानंतर आठ दिवसांत आमचे शहर बुडाले; त्या नदीवर भरती, धरणाचे पाणी आणि पाऊस एकत्र येतात तेव्हा पातळी कशी चढते याच्या सलग नोंदी आमच्याकडे आहेत, आणि इशारा मिळाल्यावर शहर काय करते हे आमची नगरपरिषद तुम्हांला दाखवू शकते.’ यातला शेवटचा भाग खरा झाल्यानंतरच तो उच्चारावा. तोवर वाक्य नगरपरिषदेच्या आधी थांबवावे. पत्रांचा मसुदा झाला की इथेच टाका, मी पाहून देईन.